मे महिन्यात खरखरीत, श्रावणात पांढरा: मॉडेल कारच्या बॉडीवरचा रंग दरवर्षी का बिघडतो

डिसेंबरात ज्या डब्याने बॉडीत तोंड दिसेल असा रंग बसला, त्याच डब्याचा रंग मे महिन्यात बोटाला खरखर लागतो. जुलैत वरून क्लिअर, म्हणजे चमकेचा पारदर्शक थर, मारला की लाल गाडीवर दुधट पडदा येतो. मग कंपनी बदलली जाते, थिनर बदललं जातं, नव्या बाटलीसाठी तालुक्याच्या कुरियरवाल्याकडे चकरा होतात, आणि पुढच्या मोसमात गाडं पुन्हा तिथंच. विदर्भाच्या खेड्यांत बसून १/२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, प्लास्टिकच्या गाड्या बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार मी ऐकली आहे. बहुतेक वेळा रंग चांगलाच असतो आणि हातही तोच असतो. बदललेली असते ती हवा. आपण मात्र वेळ, अंतर आणि थिनर बाराही महिने तेच ठेवतो.

मॉडेलचे रंग बनवणारे साधारण वीस-पंचवीस अंशांची, बेताच्या दमटपणाची खोली गृहीत धरतात. आपण वापरतो ते बरेचसे रंग जपानी. पावसाळा जपानातही असतो, पण ४५ अंशांचा मे महिना तिथं नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या नावांचा उन्हाळ्यातल्या बातम्यांमध्ये काय मान असतो ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा डब्यावरची सूचना वाचायची आणि तिला आपल्या महिन्याचा हिशोब जोडायचा.

आधी नेमकं काय बिघडलं ते बघा

पुन्हा रंग मारायच्या आधी बॉडी पूर्ण वाळू द्या आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा. सरळ वरून पाडलेला उजेड काहीच सांगत नाही. कोरड्या कापडाने हलकं पुसल्यावर कापडाला रंगाची भुकटी लागत असेल, पृष्ठभाग निस्तेज आणि खरखरीत असेल, तर रंग हवेतच वाळून बॉडीवर पडला आहे. चमक आहे, भुकटी नाही, पण सगळीकडे बारीक खळगे आहेत, तर ते ऑरेंज पील. संत्र्याची साल कशी दिसते हे वरुड-मोर्शीकडच्यांना सांगायला नको. हे दोन दोष वेगळे आहेत, पण उन्हाळ्यात जोडीने येतात, म्हणून लोक एकाचा उपाय दुसऱ्यावर करून बसतात.

पांढरेपणाचंही तसंच. सगळीकडे सारखा ढगाळ पडदा असेल तर ओलावा रंगाच्या थरात अडकला आहे. पांढरे ठिपके किंवा कडा असलेली वर्तुळं असतील तर तो बोअरच्या पाण्यातला क्षार आहे, रंगाचा त्यात दोष नाही. फक्त काचांवर आणि त्यांच्या आसपास पांढरी भुकटी असेल तर फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाची वाफ तिथं बसली आहे. बंद बॉडीच्या आत असला गोंद वापरला की हे होतंच. काचा पांढऱ्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या गोंदाने चिकटवा.

गोल खड्डे पडून तळाशी प्लास्टिक किंवा अस्तर (प्रायमर) दिसत असेल तर तेल लागलं आहे: डोक्याचं खोबरेल, फोडणीचा धूर, नाहीतर गाडीचं टायर पॉलिश. त्यातलं सिलिकॉन सगळ्यात वाईट. मॉडेलच्या टेबलाजवळ टायर पॉलिश आणूच नका, आणि प्रायमरच्या आधी बॉडी भांड्याच्या साबणाने धुवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर थिनर प्लास्टिकला लागलं आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं आणि पॉलिस्टायरीन त्यात सरळ विरघळतं. ते एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारी रंगाची छोटी पिचकारी, धुवायला ठेवा, उघड्या प्लास्टिकवर त्याचा थेंबही नको.

उन्हाळा: रंग रस्त्यातच वाळतो

स्प्रेमधून निघालेला थेंब म्हणजे रंग आणि त्याला पातळ ठेवणारं द्रावण. बॉडीवर पडल्यावर तो पसरला पाहिजे, शेजारच्या थेंबात मिसळला पाहिजे, आणि मगच द्रावण उडून गेलं पाहिजे. ४३ अंशांत नोझलपासून बॉडीपर्यंतच्या वीतभर अंतरातच बरंचसं द्रावण उडून जातं. थेंब अर्धा वाळून पोचतो, पसरत नाही, नुसता चिकटतो. छताचा मधला भाग आणि बॉनेट जरा बरं दिसतं. दाराच्या खालची कड, चाकाच्या कमानी आणि मागच्या काचेखालचा खोलगट भाग मात्र हमखास खरखरीत होतो, कारण तिथं पोचतो तो उडून आलेला, वाळलेला धुरळा.

यावर पहिला आणि फुकटातला उपाय म्हणजे पहाट. मे महिन्यात दुपारी ४५ असलं तरी पहाटे पाचला पारा तीसच्या आसपास उतरलेला असतो. वारा पडलेला असतो, धूळ खाली बसलेली असते, आणि हवेत दुपारपेक्षा थोडा जास्त ओलावा असतो. मेअखेरच्या नवतप्यात पहाटही गरमच असते. ते नऊ दिवस बॉडीच्या चकाकत्या रंगाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत इंजिन जुळवा, सीटा रंगवा.

दुसरं अंतर. स्प्रे कॅन एरवी २५ ते ३० सेंटिमीटरवरून मारायला सांगतात. कडक उन्हाळ्यात मी १५ ते २० वर येतो आणि हात जरा वेगाने चालवतो. जवळ येऊन हात संथ ठेवला तर ओघळ येतील, हे दोन्ही जोडीनेच करायचं. एअरब्रश असेल तर दाब कमी करा. १५ ते २० पीएसआय पुरतो. जास्त दाबाने थेंब बारीक होतो, आणि बारीक थेंब आणखी लवकर वाळतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, संथ उडणारं थिनर. तामिया कंपनीच्या लॅकर (झटपट उडणाऱ्या द्रावणातला रंग) थिनरमध्ये रिटार्डर घातलेला वेगळा प्रकार मिळतो, आणि जीएसआय क्रिओसच्या मिस्टर कलर रंगांसाठी मिस्टर लेव्हलिंग थिनर आहे. दोन्हींत वाळणं लांबवणारं द्रावण असतं, म्हणून थेंबाला पसरायला सवड मिळते. साध्या थिनरमध्ये वेगळं रिटार्डर घालायचं असेल तर रंगाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नका. जास्त झालं की थर दिवसेंदिवस मऊ राहतो. वरून वाळल्यासारखा वाटतो आणि उचलायला गेलं की बोटाचा ठसा उमटतो. तालुक्याच्या गावातले गाड्यांचे पेंटरही उन्हाळ्यात हळू वाळणारं आणि थंडीत लवकर वाळणारं थिनर वेगवेगळं वापरतात. त्यांच्याशी चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बोललं तर खूप शिकायला मिळतं. मात्र त्यांचं थिनर उचलून आणू नका, त्यांच्या रंगाखाली पत्रा असतो.

कॅनमधल्या रंगात थिनर घालता येत नाही, पण रंग बाहेर काढता येतो. कॅनच्या नोझलला प्यायच्या स्ट्रॉचा तुकडा लावून रंग काचेच्या बाटलीत सोडा, झाकण न लावता काही तास ठेवा, मग लेव्हलिंग थिनर घालून एअरब्रशने मारा. काही तास का, तर रंगात विरघळलेला गॅस हळूहळू निघतो. घाईने ढवळलं तर बाटली उसळून सगळं टेबलावर येतं, आणि उन्हाळ्यात तर हमखास. हे काम पहाटे, उघड्या अंगणात, चुलीपासून लांब. हा गॅस पेटणारा असतो.

कूलरचं काय?

विदर्भात ज्याच्या घरी कूलर नाही असा मॉडेल बनवणारा मला अजून भेटायचा आहे, म्हणून यावर जरा थांबतो. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणजे गारव्याबरोबर ओलावाही येतो. बाहेर ४३ अंश आणि १५ टक्के दमटपणा असेल तर चांगल्या, नव्या ताट्यांच्या कूलरमधून २७-२८ अंशांची हवा येते, पण तिचा दमटपणा साठ-सत्तरच्या घरात गेलेला असतो. लॅकरसाठी ही हवा वाईट नाही. कोरड्या ४३ अंशांपेक्षा कितीतरी बरी.

अडचण दुसरीच आहे. चालू कूलर धूळ उडवतो, ताट्यांमधल्या गवताचे बारीक तंतू फेकतो, आणि तोंडासमोर शिंतोडेही उडवतो. म्हणून दिवसाच रंगवणं भाग असेल तर तासभर कूलर चालवून खोली, बॉडी आणि कॅन तिन्ही गार होऊ द्या. मग कूलर बंद करा. पंधरा-वीस मिनिटं धूळ खाली बसू द्या, दार-खिडकी उघडा, आणि खोली पुन्हा तापायच्या आत रंगाचा हात मारून घ्या. बॉडी गार करणं महत्त्वाचं. टिनाच्या छताखाली टेबलावर पडलेली बॉडी हवेपेक्षाही गरम असते आणि थेंब तिच्यावर पडताक्षणी वाळतो. कवेलूचं छत आणि मातीच्या भिंती असलेली जुनी आतली खोली अजून शाबूत असेल तर वर्कशॉप तिथं हलवा. टिनाखालच्या छपरीत हा छंद मार्च ते जून चालत नाही.

कॅन साठवायचाही प्रश्न आहे. डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं, आणि उन्हात तापलेल्या टिनाखालचा माळा ते सहज ओलांडतो. कॅन माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढला की त्याला पाणी सुटतं. जुळवलेली बॉडीसुद्धा माळ्यावर नको. पॉलिस्टायरीन शंभर अंशांजवळ मऊ पडतं, पण समोरच्या काचेचे बारीक खांब वरचं ओझं आणि दिवसभराची धग मिळून त्याच्या बरंच आधी वाकतात. मग काच बसत नाही आणि लोक किटला दोष देतात.

खरखरीत झालेल्या बॉडीवर लगेच दुसरा जाड हात मारू नका. खालचे खडे तसेच राहतात, वर फक्त चमक येते. दोन-तीन दिवस वाळू द्या, १५०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून सपाट करा, २००० ने फिरवा, मग पुन्हा पहाटे ओला हात द्या. कडा आणि दारांच्या रेषांवर पेपर दाबू नका, तिथं रंग पातळ असतो आणि लगेच प्लास्टिक उघडं पडतं. मेटॅलिक रंगाला मात्र हा उपाय नाही. घासलं की चांदीचे कण कापले जातात आणि डाग दिसतात. मेटॅलिकची खरखर वरच्या क्लिअरच्या थरात घासून काढायची, रंगाला पेपर लावायचा नाही.

पावसाळा: थरात पाणी शिरतं

आता उलटी बाजू. लॅकर वाळताना द्रावण उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, म्हणून ओल्या रंगाचा पृष्ठभाग खोलीपेक्षा काही अंशांनी गार होतो. हवेत किती बाष्प आहे त्यावर ठरतं की किती गार झाल्यावर दव पडेल. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर दव पडायचा बिंदू २५ च्या आसपास येतो, म्हणजे पृष्ठभाग फक्त तीन अंश उतरायचा अवकाश. जानेवारीच्या दुपारी २५ अंश आणि ४० टक्के असताना तोच बिंदू दहा-अकरावर असतो. तिथवर रंग कधी गार होत नाही. मेच्या कोरड्या दुपारीही तो तसाच खाली असतो, म्हणून उन्हाळ्यात कितीही खरखर झाली तरी सफेदी येत नाही.

हे दव रंगाच्या थरात सूक्ष्म थेंब बनून अडकतं आणि उजेड विखुरतं. डोळ्यांना पांढरं दिसतं. काळा, गडद निळा, लाल यांच्यावर जास्त उठून दिसतं. पांढऱ्या गाडीवर कळतही नाही, पण चमक जाते.

एकच आकडा लक्षात ठेवा, सत्तर. दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर चकाकता लॅकर मारायचा नाही. तो मोजायचं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. रेशीम करणाऱ्या शेतकऱ्यांकडे किड्यांच्या खोलीत ते लावलेलंच असतं, मागून आणून एक दिवस बघा. तेही नको असेल तर दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओल्या मलमलची चिंधी गुंडाळा आणि पंखा घाला. कोरडा ३० दाखवत असताना ओला २८ वर थांबला तर दमटपणा ८५ च्या आसपास आहे, रंग ठेवून द्या. ओला २५ वर उतरला तर ६७ च्या जवळ, सांभाळून मारता येईल. २२ पर्यंत उतरला तर पन्नास टक्के, बिनधास्त मारा.

वेळेचं गणितही इथं उलटतं, आणि नेमकं इथंच लोक फसतात. उन्हाळ्यात पहाट कामाला आली म्हणून पावसाळ्यातही पहाटे उठून बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहाट सगळ्यात दमट असते. उघाड पडलेल्या दिवशी, ऊन निघाल्यावर, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दमटपणा दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर येतो. तेवढीच खिडकी. पाऊस नुकताच थांबला असेल आणि अंगणातून वाफ निघत असेल तर तीही नाही.

त्या खिडकीत रंग मारताना बॉडी खोलीपेक्षा किंचित गरम असू द्या. हेअर ड्रायरने लांबून, हाताला कोमट लागेल इतकीच. पृष्ठभाग दवाच्या बिंदूच्या वर राहिला की काम झालं. रंग मारायच्या वेळी ड्रायर बंद करून बाजूला ठेवा. हात पातळ द्या आणि मध्ये भरपूर वेळ सोडा, जाड ओला थर जास्त वेळ गार राहतो. रिटार्डर इथंही उपयोगी आहे. द्रावण हळू उडालं की पृष्ठभाग कमी गार होतो, आणि थर उघडा असेपर्यंत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकतं. एकच बाटली दोन्ही मोसमांत कामी येते, म्हणून पहिल्या खरेदीत रंगापेक्षा मी लेव्हलिंग थिनर घ्यायला सांगतो.

सफेदी आलीच तर लगेच पुसू नका, घासू नका. हलकी असेल तर पुष्कळदा वाळता वाळता आपोआप जाते. उरली तर कोरड्या दिवसाची वाट बघा आणि एअरब्रशने नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी विरळ फवारा द्या. वरचा थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. फवारा जास्त झाला तर रंग ओघळेल आणि डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) असतील तर त्यांच्या कडा गळतील, म्हणून आधी बॉडीच्या आतल्या बाजूला करून बघा. जुनी, खोल बसलेली सफेदी असेल तर घासून पुन्हा क्लिअर मारण्याशिवाय इलाज नाही. रबिंग कंपाउंडने घासत बसू नका. कंपाउंड वरवरचं काढतं आणि पांढरेपणा थराच्या आत असतो.

रंगवून झाल्यावर बॉडी ठेवायला झाकणाचा डबा करा, आत सिलिका जेलच्या पुड्या. बल्बची ऊब देणारा डबा काही जण करतात. चालतो, पण पहिले काही तास रंगातून द्रावण निघत असताना बल्ब लावायचा नाही, आणि आतला पारा ४५ च्या वर जाऊ द्यायचा नाही.

कॉम्प्रेसर असलेल्यांची अजून एक डोकेदुखी. दमट हवा दाबली की टाकीत पाणी जमतं आणि नळीतून थुंकी येते. ऐन बॉनेटवर पडलेला तो थेंब लोक सफेदी समजतात. वॉटर सेपरेटर लावा आणि काम संपलं की टाकीखालची चावी उघडून पाणी काढा. लाइन गेल्यावर हवेसाठी रिमवर चढवलेलं जुनं टायर हाताशी ठेवायची युक्ती जगभरचे मॉडेल करणारे वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, आणि पंक्चरचं दुकान जवळ असलेल्या गावात ती झकास चालते. मध्ये रेग्युलेटर आणि पाण्याचा सापळा मात्र हवाच. लाइन गेली म्हणून मेणबत्ती किंवा कंदील लावून स्प्रे मारू नका, लॅकरची वाफ ज्योतीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आणि मास्क. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते आपण पाहिलं आहे. थिनरसारख्या द्रावणांच्या (सेंद्रिय) वाफेसाठीच्या काडतुसांचा मास्क रंगाइतकाच गरजेचा आहे.

पांढरे ठिपके आणि खारपाणपट्टा

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातल्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. इथल्या मॉडेलकारांची निम्मी सफेदी हवेची नसून पाण्याची असते. बॉडी धुतली, वॉटर पेपर मारला, तशीच वाळू दिली, की पाणी उडून क्षार उरतो. त्यावर क्लिअर मारला की तो कायमचा आत बंद. कूलरच्या शिंतोड्यांचंही तेच.

ओळखणं सोपं आहे. ठिपक्यावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब दोन मिनिटं ठेवा आणि टिपून घ्या. ठिपका गेला किंवा फिका झाला तर क्षार. चुन्यासारखा चिवट असेल तर थेंबभर पांढऱ्या व्हिनेगरने जातो, मग पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसा. काहीच फरक पडला नाही तर दोष थरात आहे, वरचा पावसाळ्याचा भाग बघा.

उपाय म्हणजे घासायला हवं ते पाणी वापरा, पण शेवटचं धुणं आणि डिकॅल भिजवणं चांगल्या पाण्यात. ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं आणि एक बाटली कितीतरी गाड्यांना पुरते. लग्नात येतात ते थंड पाण्याचे आरओ कॅनही चालतात. धुतल्यावर बॉडी वाऱ्यावर वाळू देऊ नका, न धागे सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्या. डिकॅलखाली चंदेरी चमक दिसत असेल तर ते पाणी नाही, खाली अडकलेली हवा आहे. खरखरीत रंगावर डिकॅल लावलं की असं होतं. आधी क्लिअर, मग डिकॅल, मग पुन्हा पातळ क्लिअर. डिकॅलवर क्लिअरचा पहिलाच हात जाड पडला तर डिकॅलच्या सुरकुत्या होतात, म्हणून सुरुवातीचे हात नुसते शिंपडल्यासारखे.

चांगला मोसम, आणि त्यातला कापूस

दिवाळीनंतर हवा सुधारते. दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश, कोरडी हवा, दव फक्त रात्री. सकाळी दहा ते दुपारी तीन कधीही रंगवा. भल्या पहाटे मात्र कॅन गारठलेला असतो, दाब कमी पडतो आणि मोठे थेंब येऊन ऑरेंज पील होतं. तो कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा. गरम पाण्यात नाही, चुलीजवळ तर अजिबात नाही.

पण याच दिवसांत सोयाबीनची मळणी आटोपलेली असते आणि कापूस घरात येतो. ज्याच्या घरात वेचणीचा कापूस भरला आहे त्याने त्या खोलीत रंगाचा विचार सोडून द्यावा. बोंडातला तंतू दिसत नाही, ओल्या क्लिअरवर बसला की दिसतो. त्यात कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज जमते. बॉडी कोरड्या फडक्याने जितकी पुसाल तितकी ती धूळ ओढेल. रंगाच्या आधी किंचित ओलसर कापड फिरवा, जमिनीवर पाणी शिंपडा, आणि हात मारून झाला की मिठाईचा मोठा डबा उलटा झाका. तंतू पडलाच तर ओल्या रंगात चिमट्याने शोधत बसू नका, खड्डा पडेल. वाळू द्या, २००० च्या पेपरने तेवढाच भाग घासा, पुन्हा एक हात द्या.

आपल्याकडे विलीस जीपच्या किटमधून काळी-पिवळी टॅक्सी करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि व्हायलाच पाहिजे. त्यात पिवळा आधी, काळा नंतर. काळ्यावर पिवळा झाकायला इतके हात लागतात की दारांच्या रेषा बुजतात. किटचं प्लास्टिक लाल असेल तर पिवळ्यातून नारिंगी झाक वर येते, कारण लॅकर प्लास्टिकमधला रंग ओढून घेतो. अस्तरानंतर चांदीचा एक पातळ हात दिला की ते अडतं. पिवळा दोन दिवस पक्का वाळल्यावर टेप लावा, टेपच्या कडेवर आधी पिवळ्याचाच एक विरळ हात मारा म्हणजे फट असेल तर ती पिवळ्यानेच भरेल, मग काळा. काळा बोटाला चिकटेनासा झाला की टेप कडेवर दुमडून हळू काढा. डिसेंबरात रात्रभर राहिला तरी बिघडत नाही. मे महिन्यात तासाभरात निघाला पाहिजे, नाहीतर गोंद पाघळून पिवळ्यावर राहतो आणि तो काढताना खालचा रंगही सोबत येतो.